लाल कॅसेटवरून झालेलं भांडण

माझा मामा दापोऱ्याला केळी लावायचा. नव्वदीच्या मध्यात एकदा तो स्वतःच्याच केळीच्या ट्रकमध्ये बसून दिल्लीपर्यंत गेला. का गेला, ते घरात कुणाला नीट कळलं नाही. बहुतेक आपली केळी शेवटी जातात तरी कुठे, हे त्याला एकदा डोळ्यांनी बघायचं होतं. परत आला तो सरळ बुऱ्हाणपूरच्या राजपुऱ्यात आमच्या घरी, हातात एक खोकं घेऊन. माझ्या आईच्या, म्हणजे त्याच्या थोरल्या बहिणीच्या पुढ्यात ते ठेवून म्हणाला, ‘पोरांसाठी आणलं.’

खोक्यात राखाडी रंगाचा डबा होता, वायरी लावलेले दोन रिमोट होते आणि दोन कॅसेटा होत्या, एक पिवळी आणि एक लाल. परदेशी माल तेव्हा नुकताच आमच्या बाजारात दिसू लागला होता. टॉर्च, घड्याळं, पेनं असलं काय काय, आणि सगळ्यावर न वाचता येणारी अक्षरं. याही कॅसेटांवर तीच. बाबा म्हणाले, चिनी आहे. ते जपानी होतं, पण बाबा तहसीलमध्ये कारकून होते आणि घरात कागदपत्रांच्या बाबतीत त्यांचाच शब्द शेवटचा, त्यामुळे पुढची कित्येक वर्षं ते चिनीच राहिलं. दुकानदारानं मामाला सांगितलं होतं की पिवळा पहिला भाग, लाल दुसरा भाग, आणि पहिला खेळलेला माणूस दुसऱ्याशिवाय राहू शकत नाही.

पहिला भाग आम्हाला लगेच कळला, कारण त्यात कळण्यासारखं काही नव्हतं. आमच्या काळ्या-पांढऱ्या टीव्हीवर डावीकडून एक माणूस निघायचा आणि उजवीकडे पळत सुटायचा. त्याच्या डोक्यावर गाठोड्यासारखं काहीतरी होतं, म्हणून आम्ही त्याला पागोटेवाला म्हणू लागलो. समोरून खेकडे यायचे, वटवाघळं यायची, धोंडे गडगडत यायचे. त्यानं उडी मारायची नाहीतर काठी चालवायची. दादा चौदा वर्षांचा होता आणि मी अकराची. पंधरा दिवसांत दादाला कुठला धोंडा कुठल्या झाडापाशी येतो ते पाठ झालं. डोळे मिटून खेळून दाखवतो म्हणायचा, आणि बऱ्यापैकी खेळायचाही.

बाबांनाही पिवळी कॅसेट आवडली. ऑफिसातून आले की चहा होईपर्यंत ते खेळायचे, खुर्चीवर ताठ बसून. पागोटेवाल्यानं उडी मारायची असली की बाबा बटण दाबायचेच, वर दोन्ही हातांनी रिमोटही हवेत उचलायचे आणि खुर्चीवरून स्वतः वीतभर उठायचे. एकदा मोठ्या खड्ड्यावरून उडी मारताना त्यांनी वायर इतकी ओढली की डबाच टेबलावरून खाली आला. त्यांना हा खेळ का आवडतो, असं आईनं विचारलं तर म्हणाले, याच्यात सगळे रांगेनं येतात, मध्ये कुणी घुसत नाही.

मग एका रविवारी दादानं लाल कॅसेट लावली.

माणूस तोच होता, पागोट्यासकट. पण तो पळत नव्हता. एका गावाच्या मधोमध उभा होता. खेकडा नाही, धोंडा नाही. आठ-दहा घरं, एक विहीर, एक नदी, आणि इकडेतिकडे उभी असलेली माणसं. त्यांच्याजवळ जाऊन बटण दाबलं की खाली एक चौकोन यायचा आणि तो चिनी अक्षरांनी भरायचा. दादानं सगळ्यांना काठी मारून बघितली. काठी चालेना. त्यानं कॅसेट काढली, तिच्यात फुंकर मारली, परत लावली. पुन्हा तेच गाव. अर्ध्या तासानं त्यानं निकाल दिला की कॅसेट खराब आहे आणि मामाला दिल्लीत फसवलंय.

मामा तिथेच पलंगावर बसला होता. दर रविवारी तो बाजाराच्या निमित्तानं शहरात यायचा आणि दुपारचं जेवण आमच्याकडे करायचा. त्याला ते फार लागलं. त्यानं आयुष्यात पहिल्यांदा रिमोट हातात घेतला आणि पागोटेवाल्याला हळूहळू चालवत गावाच्या उजव्या टोकाला नेलं. तिथं पडद्यावर आखीव रेघा होत्या आणि त्यांच्या कडेला एक माणूस उभा होता.

मामा म्हणाला, ‘अरे, हे तर शेत आहे.’

मग त्यानं रिमोट सोडलाच नाही. विहिरीवर बटण दाबलं की घागर भरते आणि शेतात दाबलं की रिकामी होते, हे त्याचं त्यानंच शोधून काढलं. पाणी पडताना बारीक आवाज यायचा. तेव्हापासून दर रविवारी जेवण झालं की मामा तासभर त्या शेताला पाणी द्यायचा. दादा चिडून म्हणायचा, मामा, आठवडाभर तिकडे पाणी देता आणि सुट्टीच्या दिवशी इकडे येऊन पुन्हा पाणीच? त्यावर मामाचं उत्तर ठरलेलं होतं.

‘तिकडे मोटर चालवायची तर लाइटची वाट पाहा लागते. इथं बटण दाबलं का पाणी.’

आई या सगळ्यात नव्हती. ती मराठी प्राथमिक शाळेत शिकवायची आणि रविवारी दुपारी खोलीच्या दुसऱ्या टोकाला वह्या तपासत बसायची. एके दिवशी मामाचा पागोटेवाला चालता चालता नदीत पडला. पडदा काळा झाला आणि त्यावर एका ओळीखाली एक अशा चार ओळी अक्षरं आली. दादा बटण दाबून ती घालवणार, एवढ्यात आई म्हणाली, ‘थांब. ते उतरवून घ्यायचं आहे.’

तिला कसं कळलं म्हणून दादानं विचारलं. ती म्हणाली, फळ्यावर एवढं लिहून कुणी गप्प उभं राहतं, ते पोरांनी उतरवून घ्यावं म्हणूनच. आणि तिनं दुरेघी वही काढून ती अक्षरं एकेक करून काढली. शेपटीचं, गाठीचं, उलट्या नेढ्याचं.

पुढच्या रविवारी कॅसेट लावल्यावर तिनं दाखवलं की सुरुवातीलाच रिकाम्या चौकटी येतात आणि खाली सगळी अक्षरं मांडलेली असतात. एवढे दिवस आम्ही तो पडदा न बघताच पुढे जात होतो. तिनं सांगायचं आणि मी रिमोटनं अक्षरं निवडायची असं ठरलं. तीनदा चुकलं. तिनं वहीतली अक्षरं निरखून बघितली, एका शेपटीवर लाल शाईनं गोल केला आणि म्हणाली, इथे माझी शेपूट डावीकडे वळली आहे. चौथ्या वेळी पागोटेवाला गेल्या रविवारी होता तिथेच, नदीच्या काठावर उभा राहिला. आईनं स्वतःच्याच वहीत ‘बरोबर’ची खूण केली. तिला एवढी खूश मी आमच्या कुठल्याही निकालाच्या दिवशी पाहिली नव्हती.

तेव्हापासून घराचे दोन पक्ष झाले. पिवळीच्या बाजूला दादा आणि बाबा, लालच्या बाजूला आई आणि मामा. मी आठवडाभर पिवळीकडे असायची आणि रविवारी, जेवणात काय आहे ते बघून, लालकडे जायची.

आईची वही भरत गेली. तिनं बघितलं की विहिरीवरची बाई, नदीवरची बाई आणि होडीवाला, तिघांच्या बोलण्यात एकच जोडी येते. तिनं त्या जोडीपुढे ‘पाणी’ असं लिहिलं. दुकानदार ज्या वेळी काही देत नाही त्या वेळी त्याच्या ओळीच्या शेवटी एक अक्षर येतं, त्यापुढे ‘नाही’. मुलांच्या घोळक्याजवळ येणारं एक चिन्ह म्हणजे ‘मुलगा’. मग ती एखाद्याच्या बोलण्यावर बोट ठेवून, आम्हाला पहिलीत शिकवलं होतं तसं, वाचायची. शेताच्या कडेला उभा असलेला माणूस नेहमी एकच वाक्य बोलायचा. आईनं त्यात ‘पाणी’, ‘देणे’ आणि ‘नाही’ ओळखलं आणि मामाला अर्थ सांगितला की, पाणी देणं थांबवायचं नाही. मामानं मान हलवली. त्याला ते आधीच माहीत होतं.

‘याला गेम म्हणतात का?’ दादा म्हणाला. ‘घरोघर जायचं, लोक काय बोलतात ते वहीत लिहायचं. ही जनगणना आहे.’

आईनं जनगणनेची ड्यूटी खरंच केली होती. ती शांतपणे म्हणाली की जनगणनेत लोक एवढं बोलत नाहीत.

गावाच्या वरच्या अंगाला एक बंद दरवाजा होता आणि त्याच्यासमोर एक म्हातारी. ती सगळ्यांत जास्त बोलायची, तीन चौकोन भरून. आईनं तिच्यावर दोन रविवार घालवले. पाणी, मुलगा, नाही, घागर, एवढं सुटलं. शेवटी तिनं सांगितलं की म्हातारीचा मुलगा घरी नाही, तिला पाणी आणून द्यायला कुणी नाही, तेव्हा घागर तिला द्यायची. मामा तयार होईना. घागर गेली तर शेताचं काय? बहीण-भावात बरीच वादावादी झाली. आई म्हणाली, तुझ्यासमोर एक म्हातारी तहानलेली उभी आहे. मामा म्हणाला, आणि माझ्यामागे अख्खं शेत तहानलेलं आहे. बाबांनी पेपरातून डोकं वर न काढता मत दिलं की असा अर्ज आला तर दोन्ही पक्षांचं म्हणणं लेखी घ्यावं लागेल.

शेवटी मामानं रिमोट आईच्या हातात दिला आणि तोंड फिरवून बसला. आईनं घागर दिली. कधी न ऐकलेलं संगीत वाजलं आणि दरवाजा उघडला. आम्ही सगळे उभे राहिलो. दादाही उभा राहिला, मग लक्षात आल्यावर खाली बसला. दरवाज्यापलीकडे डोंगराची एक पायवाट दिसत होती. आईनं वही उघडली, पेनाचं टोपण काढलं, आणि त्याच क्षणी गल्लीत दिवसभर खडखडणारे कापडाचे सगळे लूम एकदम थांबले. आमच्याकडे लाइट गेल्याचं आधी कानांना कळायचं. पडदा विझला. अक्षरं आलीच नव्हती, त्यामुळे उतरवून घ्यायला काही नव्हतं.

तासाभरानं लाइट आली ती जोरात आली आणि डब्याचा अडॅप्टर जळाला. बुऱ्हाणपुरात तसा मिळेना. दुसरा लावून बघितला तर डब्यातूनही धूर निघाला. पायवाट कुठे जाते ते कुणालाच कळलं नाही.

डबा गेला, पण भांडण गेलं नाही. दादा पुण्याला इंजिनिअरिंगला गेला, तिथेच नोकरीला लागला, मी शिकून आईसारखीच मास्तरीण झाले आणि इथेच राहिले. सुट्टीला दादा घरी आला की दुसऱ्या दिवशी जेवताना तो विषय निघायचाच. दार उघडलं म्हणून गेम चांगला होतो का, असं दादा म्हणायचा. पाठ केलेलं म्हणून दाखवणं आणि धडा समजणं यात फरक असतो, असं आई म्हणायची. त्याची बायको नवी होती तेव्हा तिनं मला हळूच विचारलं होतं की हे दोघं ज्या पागोटेवाल्याविषयी आणि म्हातारीविषयी बोलतात, ते आपले कुठले पाहुणे.

मग फोनवर ग्रुप निघू लागले. जुन्या टीव्ही-गेमच्या चाहत्यांचा एक ग्रुप दादाला सापडला आणि त्याला कळलं की हे भांडण फक्त आमच्या घरातलं नाही. नागपूर, भोपाळ, सुरत, कुठकुठली चाळिशीला आलेली मराठी माणसं त्याच दोन भागांवरून एकमेकांवर तुटून पडत होती. दादानं तिथे एक लांबलचक लेख लिहिला. दुसऱ्या भागानं एका चांगल्या खेळाडूला भटका चौकशी अधिकारी करून ठेवलं, असं त्यात होतं. लेखाला खूप अंगठे आले आणि त्यानं मला तो मोठ्या अभिमानानं पाठवला.

मी तो आईला वाचून दाखवला. आई निवृत्त झाली होती. ती मेथी निवडत होती. ऐकून घेतल्यावर तिनं विचारलं, इथे उत्तर देता येतं का?

मी एक खोटं नाव घेऊन त्या ग्रुपात शिरले. आई सांगायची आणि मी लिहायची. जिथे मी मवाळ शब्द घालायची तिथे ती थांबवायची, तसं नको, लिहिलंय तसं लिही. दादा तिकडून तावातावानं उत्तर द्यायचा. तीन महिने हे चाललं. ग्रुपात आमची बाजू घेणारे तयार झाले. एका माणसानं आईच्या मुद्द्यांना हात जोडलेली चित्रं पाठवली. दादा मला फोन करून सांगायचा की एक महामूर्ख माणूस भेटला आहे, पण लिहितो चांगलं.

एके दिवशी त्यानं घरी फोन केला आणि आईला म्हणाला, तुझी ती वही आहे का अजून? तिची पानं पाठव, मला एकाला गप्प करायचं आहे. दुसरा भाग समजायला किती अवघड होता, याचा त्याला पुरावा हवा होता. आईनं वही काढली, उन्हात धरली आणि मी पानांचे फोटो काढून पाठवले. आमच्या विरोधात वापरायचे पुरावे तो आमच्याचकडून मागवतो आहे याचं मला हसू आवरत नव्हतं. आई मात्र गंभीर होती. म्हणाली, सगळी पानं पाठव, निवडक नको.

दादाकडून तीन दिवस काही आलं नाही. ग्रुपातही तो गप्प. आईला करमेना. तिनंच मला त्याला डिवचायला लावलं आणि त्या भरात तिच्या तोंडून निघालं ते मी जसंच्या तसं लिहून टाकलं. फळ्यावर एवढं लिहून कुणी गप्प उभं राहतं, ते पोरांनी उतरवून घ्यावं म्हणूनच.

पाच मिनिटांत माझा फोन वाजला. दादा होता. म्हणाला, ‘आईला फोन दे.’

आईनं फोन घेतला आणि विचारलं, जेवलास का. तिकडून तो काय बोलला मला ऐकू आलं नाही. आई म्हणाली, ‘नाव खोटं होतं रे, मुद्दे खरे होते.’ मग दोघं पाऊण तास बोलत होते. त्या दिवशीची मेथी मलाच निवडावी लागली.

त्या उन्हाळ्यात दादा आठ दिवसांसाठी आला तो लॅपटॉप घेऊन. ग्रुपातल्या कुणीतरी दुसऱ्या भागाचं सगळं बोलणं इंग्रजीत आणून ठेवलं होतं. मामाला दापोऱ्याहून बोलावून घेतलं. तो आता सत्तरीला आला होता आणि शेती त्याचा मुलगा बघत होता. दादानं लॅपटॉप मोठ्या टीव्हीला जोडला. रंगीत टीव्हीवर पागोटेवाला प्रथमच पाहिला तर त्याचं पागोटं गुलाबी निघालं. बाबांनी चष्मा पुसून पुन्हा बघितलं आणि ते खूप नाराज झाले.

दादा खेळत होता आणि मराठीत सांगत होता. आईची वही तिच्या मांडीवर. बरेच शब्द बरोबर निघाले. दर वेळी ती फक्त ‘हं’ म्हणायची. पण शेताच्या कडेच्या माणसाचं वाक्य वाचून दादा थांबला. मग त्यानं सांगितलं. प्रवाशा, या जमिनीला पाणी देऊन उपयोग नाही, इथे काही उगवत नाही.

आईनं चष्मा खाली घेतला. मामा उठून पडद्याजवळ गेला.

‘हे आधी सांगायला पाहिजे होतं त्यानं.’

‘तो सांगतच होता, मामा,’ दादा म्हणाला. ‘दर रविवारी.’

मामा आधी आईकडे बघून रागावला आणि मग इतका हसला की त्याला ठसका लागला आणि पाणी आणावं लागलं.

म्हातारीचंही तसंच झालं. तिला तहान लागलेली नव्हती. तुझ्या हातातली घागर माझ्या मुलाची आहे, असं ती म्हणत होती. तो पाण्याला गेला तो परत आला नाही. घागर मला दे, मी दार उघडते. दादानं वाचून दाखवल्यावर आईनं वहीतल्या त्या पानावर पेनानं दुरुस्ती केली, अर्थाखाली नवा अर्थ लिहिला, पण जुना खोडला नाही.

मग दार उघडलं आणि पायवाट सुरू झाली. ती डोंगरावरून जात होती आणि पलीकडे नदीला उतरत होती. वाटेत कुणी भेटलं नाही. खाली एक होडी होती. पागोटेवाला होडीत बसला, होडी उजवीकडे निघून गेली आणि गेम संपला. सगळं मिळून वीस मिनिटं.

आईचा चेहरा पडला. एवढ्या लोकांशी बोलला, म्हणाली, आणि जाताना एकाला सांगून गेला नाही. इतकी वर्षं मी या माणसाची बाजू घेतली. हा शेवट चुकीचा आहे.

आणि दादा, ज्यानं पंचवीस वर्षं त्या कॅसेटला खराब म्हटलं होतं, तो लॅपटॉप बाजूला सारून तिच्याकडे वळला. म्हणाला, ‘सांगून निघाला असता तर निघालाच नसता तो, आई.’

आई म्हणाली, तसं असतं तर गेमवाल्यांनी ते दाखवायचं. दादा म्हणाला, सगळं दाखवायचं नसतं. वाद स्वयंपाकघरात गेला, ताटं वाढली तरी चालू होता. बाबांचं म्हणणं पडलं की पिवळी कॅसेट कुठे मिळते का ते बघावं. मामा पलंगावर आडवा झाला होता.

पुण्याला परत गेल्यावर आठवड्याच्या आत दादानं ग्रुपात नवा लेख टाकला. दुसऱ्या भागाचा शेवट हा त्या खेळातला सर्वोत्तम भाग आहे, असं त्यात सविस्तर मांडलं होतं. मी आईला वाचून दाखवला. तिनं तो दोनदा वाचायला लावला. मग म्हणाली की मला आता माझ्या स्वतःच्या नावानं त्या ग्रुपात घाल.